व्हिक्टोरिया क्रॉस वीर कै. नाईक यशवंत घाडगे

दुर्गराज रायगडाच्या आसमंतात वसलेला माणगाव तालुका हा डोंगरदऱ्यांचा, भातशेतीचा आणि मुसळधार पावसाचा मुलूख आहे. शिवछत्रपतींच्या राजधानीच्या सावलीत वाढलेल्या या भूमीत नांगर आणि तलवार ही दोन्ही हत्यारे पिढ्यान्पिढ्या एकाच घरात नांदली. या तालुक्यातील पळसगाव या गावी जन्मास आलेले आणि वयाची अवघी बावीस वर्षे पुरी झाली असता इटली देशाच्या डोंगरात धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांचे नाव माहीत नाही असा माणूस तालुक्यात विरळा. परंतु नाव माहीत असणे वेगळे आणि जीवनकार्य माहीत असणे वेगळे. नव्या पिढीला त्यांचा पुतळा ठाऊक आहे. पण ते कोठे लढले, कशासाठी लढले, त्या दिवशी नेमके काय घडले आणि त्यांची आठवण कोणकोणत्या ठिकाणी जतन केली गेली आहे, हे सांगणारे घरोघर थोडेच उरले आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी गावाच्या पूर्वजांचे स्मरण करणे हे कर्तव्य समजून या वीराचे संक्षिप्त चरित्र येथे दिले आहे.

जन्म आणि जन्मभूमी

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. त्या वेळी माणगाव तालुका कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्याचे नाव बदलून रायगड असे झाले ते १ जानेवारी १९८१ पासून. त्यामुळे त्या काळातील लष्करी कागदपत्रांत या भागातील जवानांची गावे कुलाबा जिल्ह्याखाली नोंदलेली असतात.

त्या काळचे कोकण कसे होते हे वडीलधाऱ्या मंडळींकडून सर्वांनी ऐकले आहे. चार महिने पाऊस, एक भाताचे पीक, वरकस जमिनीत थोडी नाचणी आणि वरी. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे जास्त. घरात तीन भाऊ असले तर एकाने शेती पाहावी, एकाने मुंबईला गिरणीत जावे आणि एकाने लष्करात भरती व्हावे, अशी रीतच पडून गेली होती. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला म्हणजे घरात मीठमिरची येत असे आणि सावकाराचे देणे फिटत असे. लष्करातील नोकरी ही पोटाची सोय होती हे खरे. परंतु ती केवळ पोटाची सोय होती असे म्हणणे या मुलखावर अन्याय करणारे ठरेल. पलटणीतून पेन्शनवर आलेल्या माणसाला गावात मान होता. चावडीवर आणि देवळातल्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन होते.

यशवंतरावांचा जन्म झाला तेव्हा पहिले महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. त्या युद्धात मराठा पलटणी मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या होत्या. कुट या ठिकाणी तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात ११० वी मराठा पलटण अडकली होती. सुमारे पाच महिने उपासमार सोसून अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेला शरण जावे लागले आणि जे जगले त्यांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. १९२२ साली हिंदुस्थानी लष्कराची पुनर्रचना झाली तेव्हा या ११० व्या पलटणीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन असे नाव मिळाले. कुटच्या वेढ्यात पोळून निघालेल्या याच पलटणीत पुढे यशवंत घाडगे यांनी नोकरी केली.

मराठा पलटण

मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ सालापर्यंत मागे जातो. मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभारलेल्या शिपायांच्या पलटणीपासून तिची सुरुवात झाली. कोकण, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या भागांतील शेतकऱ्यांची मुले तिच्यात भरती होत आली. पलटणीचे केंद्र बेळगावला आहे. डोंगर भराभर चढणारा, थोड्या शिदोरीवर दिवस काढणारा आणि हुकुमाला जागणारा शिपाई अशी मराठा जवानाची ख्याती सर्वत्र पसरली होती. शिवछत्रपतींच्या नावाचा जयजयकार हीच या पलटणीची रणगर्जना होय.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. या युद्धात हिंदुस्थानातून पंचवीस लाखांहून अधिक माणसे सैन्यात दाखल झाली. त्यांच्यावर सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता. सर्व भरती स्वेच्छेची होती. माणसे बदलत, तरणी मुले येत, आणि ज्याच्या अंगी धमक दिसे त्याला लवकर फीत मिळे. यशवंतरावांना विशीच्या आरंभीच नाईक हा हुद्दा मिळाला. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती लावणारा आणि एका सेक्शनचा, म्हणजे सुमारे दहा जवानांच्या तुकडीचा, प्रमुख. या दहाजणांची शस्त्रे, त्यांचे खाणेपिणे, त्यांची शिस्त आणि लढाईत त्यांचे प्राण ही सर्व जबाबदारी नाइकावर असते.

तिसऱ्या बटालियनने या युद्धात प्रथम नाव कमावले ते पूर्व आफ्रिकेत. १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथील उंच डोंगरांवर इटालियन फौजेशी झालेल्या निकराच्या लढाईत ही बटालियन होती. त्या वेळी तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड हे पुढे मेजर जनरल होऊन दहाव्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख झाले, आणि त्याच डिव्हिजनमधून तिसरी बटालियन इटलीत लढली. मराठा जवान डोंगरात काय करू शकतो हे या सेनापतीने स्वतः पाहिलेले होते.

एक अवघड प्रश्न

येथे एका प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे. ज्या काळात हे जवान परदेशात लढत होते त्याच काळात ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला चले जाव चळवळीची घोषणा झाली होती. देशभक्त तुरुंगात जात होते. नेताजी सुभाषचंद्र बोस आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करीत होते. मग इंग्रजांच्या सैन्यात राहून लढलेल्या जवानांना वीर म्हणावे काय, असे काहीजण विचारतात.

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट अशी की, ज्या सत्तेविरुद्ध हे जवान इटलीत लढत होते ती हिटलरची सत्ता होती. तिने सारा युरोप टाचेखाली घातला होता आणि लक्षावधी निरपराध माणसांची कत्तल चालविली होती. तिचा पराभव होणे ही जगाची गरज होती. दुसरी गोष्ट अशी की, स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाला जे सैन्य लाभले ते याच पलटणींतून लाभले. नाईक यशवंत घाडगे यांची तिसरी मराठा बटालियन १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धात झांगर भागात लढली. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईल येथे विमानातून उतरलेली आणि १६ डिसेंबरला सर्वांच्या आधी ढाका शहरात पोहोचलेली बटालियन ती हीच. स्वातंत्र्याचा सैनिक आणि पलटणीचा सैनिक यांना एकमेकांसमोर उभे करण्याचे कारण नाही. दोघांचेही ऋण आपल्यावर आहे.

इटलीची आघाडी

इटली देश प्रथम जर्मनीच्या बाजूने युद्धात होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली; परंतु जर्मन सैन्याने त्या देशाचा बराच भाग ताब्यात घेऊन लढाई चालू ठेवली. त्यामुळे पुढील दीड वर्ष इटलीच्या भूमीवर दोस्तांचे सैन्य आणि जर्मन सैन्य यांच्यात झुंज चालली. इटालियन शेतकऱ्यांची गावे, मळे आणि घरे या झुंजीत भरडली गेली.

हिंदुस्थानच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. त्यांत सुमारे पन्नास हजार हिंदी जवान होते. दहावी डिव्हिजन १९४४ च्या मार्च महिन्यात इटलीत उतरली. प्रथम पूर्व किनाऱ्याकडे तिची नेमणूक होती. ४ जून १९४४ रोजी दोस्तांनी रोम शहर घेतले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु ते पळत नव्हते. उत्तरेच्या डोंगरात आपली पक्की संरक्षक फळी तयार होईपर्यंत वेळ काढायचा, म्हणून प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक दगडी घरात आणि प्रत्येक खिंडीत मशीनगनी लावून ते वाट अडवीत होते. एक टेकडी घ्यावी तो पुढच्या टेकडीवरून गोळीबार सुरू होई.

रोमजवळून वाहणारी टायबर नदी उत्तरेच्या ॲपेनाइन पर्वतात उगम पावते. तिच्या वरच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा आहेत. जूनच्या अखेरीस दहाव्या डिव्हिजनला याच खोऱ्यातून उत्तरेकडे सरकण्याचे काम देण्यात आले. रस्ते थोडे, पूल उडविलेले, वाटांवर सुरुंग पेरलेले. जेथे मोटार जात नाही तेथे खेचरे आणि जेथे खेचर जात नाही तेथे माणसाची पाठ, अशा रीतीने दारूगोळा आणि पाणी वर चढवावे लागे. उन्हाळा कडक होता. जवळच्या एका उंच टेकडीवर मोंटोने नावाचे जुने तटबंदीचे गाव आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते दहाव्या डिव्हिजनच्या ताब्यात आले. त्याच्या पुढच्या डोंगरांवर जर्मन सैन्य ठाण मांडून बसले होते.

१० जुलै १९४४

त्या दिवशी सोमवार होता. इकडे कोकणात आषाढ महिना चालू होता. शेतात भातलावणीची घाई असण्याचे ते दिवस. तिकडे टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठा बटालियनच्या एका कंपनीला शत्रूचे एक मजबूत ठाणे घेण्याचा हुकूम मिळाला होता. या हल्ल्यात नाईक यशवंत घाडगे आपल्या रायफल सेक्शनचे नेतृत्व करीत होते.

सेक्शन पुढे सरकत असता अगदी जवळून शत्रूच्या मशीनगनचा मारा तिच्यावर सुरू झाला. मशीनगनपुढे उघड्यावर सापडलेल्या दहा माणसांचे काय होते हे सांगावयास नको. क्षणार्धात सेक्शनमधील प्रत्येक जवान एक तर मारला गेला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

अशा वेळी मागे सरून आडोसा घेणे हे कोणत्याही कायद्यात कसूर ठरले नसते. मागून दुसरी तुकडी येईपर्यंत थांबता आले असते. परंतु मशीनगन चालू होती, आणि तिच्यासमोर आपले जखमी साथीदार उघड्यावर पडलेले होते. आपल्यामागे यायला आता कोणीही उरलेले नाही हे पुरते ठाऊक असताना यशवंतराव एक क्षणही न घुटमळता त्या मशीनगनवर सरळ धावून गेले.

प्रथम त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालविणारा सैनिक कामास आला. नंतर त्यांनी आपल्या टॉमी गनने ठाण्यातील दुसऱ्या सैनिकाला टिपले. एवढ्यात टॉमी गनमधील गोळ्या संपल्या. नवी मॅगझीन चढविण्यास उसंत नव्हती आणि शत्रूचे दोन सैनिक समोर उभे होते. यशवंतरावांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या तडाख्यांनी त्या दोघांनाही लोळविले. ठाणे एकट्याच्या हाताने जिंकले गेले.

परंतु आसपास दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना हेरले होते. त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. जे ठाणे त्यांनी स्वतः जिंकले होते त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांना बावीस वर्षे पुरी होऊन आठवा महिना चालू होता.

मरणोत्तर सन्मान

या अतुल पराक्रमाबद्दल नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर करण्यात आला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याची राजपत्रात नोंद झाली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वोच्च पदक होय. ते १८५६ साली सुरू झाले. परंतु हिंदी सैनिकांना ते मिळण्याचा हक्क १९११ सालापर्यंत नव्हता. पदक सोन्याचांदीचे नसून साध्या काशाचे असते.

१९४५ साली दिल्ली येथे व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते हे पदक यशवंतरावांच्या पत्नीला देण्यात आले. कोकणातील एका खेड्यातून निघून दिल्लीच्या त्या समारंभापर्यंत गेलेल्या त्या माउलीच्या मनात काय आले असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. साऱ्या साम्राज्याने मान तुकवावी असे पदक तिच्या हाती आले, आणि ज्याच्या छातीवर ते शोभावयाचे तो धनी मात्र परतला नाही. पराक्रमाची गाथा गाताना लोक वीराचे नाव घेतात. त्याच्यामागे घर सांभाळणाऱ्या बाईचे नाव कोणी घेत नाही. गावोगावी अशा किती माउल्यांनी पोस्टमनच्या हातून मनिऑर्डरीऐवजी तार घेतली असेल याचा हिशेब कोठल्याही दप्तरात नाही. या चरित्राच्या निमित्ताने त्या सर्वांना वंदन करणे उचित होय.

इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांपैकी सहा हिंदुस्थानी सैन्यातील जवानांनी मिळविले. ते सहाजण असे: शिपाई कमल राम, नाईक यशवंत घाडगे, रायफलमन शेर बहादूर थापा, रायफलमन थमन गुरुंग, शिपाई अली हैदर आणि शिपाई नामदेव जाधव. या सहांपैकी दोघे मराठा पलटणीचे होते ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. ते सुदैवाने जगले आणि १९८४ साली निवर्तले. घाडगे, थापा आणि गुरुंग या तिघांना मात्र मरणोत्तर पदक मिळाले.

या मोहिमेत ५,७८२ हिंदी जवानांनी प्राण दिले. इटलीतील चाळीस युद्धस्मशानांत आणि स्मारकांत त्यांची नावे आहेत. फोर्ली, आरेत्सो, सांग्रो नदीकाठ या ठिकाणी हिंदू आणि शीख जवानांच्या दहनाची स्मारके उभारलेली आहेत. ज्यांच्या समाधीचे वा दहनाचे ठिकाण निश्चित नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे रोमच्या दक्षिणेस कासिनो येथील स्मारकाच्या शिळांवर कोरलेली आहेत. नाईक यशवंत घाडगे यांचे नाव या कासिनोच्या स्मारकावर आहे. ज्या डोंगरात ते पडले त्या डोंगराच्या मातीतच ते मिळून गेले.

परमुलखातील कृतज्ञता

यशवंतरावांच्या मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, इटलीतील मोंटोने या गावाने त्यांच्या नावाचे स्मारक उभारले. तेथील नगरपालिकेने आणि इटालियन युद्धेतिहासकारांनी मिळून हे काम केले. भारताच्या इटलीतील राजदूत डॉ. नीना मल्होत्रा या त्या समारंभास उपस्थित होत्या. स्मारकाला घडीव पुतळ्याचे रूप न देता सूर्यघड्याळाचे रूप दिलेले आहे. सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या या घड्याळावर लॅटिन भाषेत बोधवचन आहे. आपण सर्व माणसे एकाच सूर्याखाली राहतो असा त्याचा भावार्थ.

या गोष्टीचा विचार केल्यास मन भरून येते. मोंटोनेच्या लोकांचे यशवंतरावांशी रक्ताचे नाते नाही, भाषेचे नाही, धर्माचे नाही. त्यांच्या आजोबांच्या काळात कोणी एक परदेशी तरुण त्यांच्या डोंगरावर येऊन मेला, एवढाच संबंध. तो त्यांनी ऐंशी वर्षे विसरला नाही. आपल्या माणगावातही त्यांचा पुतळा आहे आणि त्यांच्या नावाचा उत्सव माणगावात भरत आला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. एक पुतळा रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात आणि एक सूर्यघड्याळ टायबरच्या खोऱ्यात, अशा दोन टोकांना या बावीस वर्षांच्या तरुणाची आठवण उभी आहे.

पूर्वजांचा शोध

यशवंतरावांचे नाव पदकामुळे राहिले. परंतु त्या दिवशी त्यांच्या सेक्शनमधील जे जवान त्यांच्या आधी पडले, त्यांनाही घरे होती, गावे होती. त्यांच्यासारखे हजारो जवान कोकणातून आणि घाटावरून गेले व परत आले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर त्यांवर आहे. आकडा आहे, नावे नाहीत.

आपल्या जुन्या माणसांनी याहून चांगली रीत घालून दिली होती. महाराष्ट्रातील जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा तो दगड असतो. गावासाठी, गुरांसाठी किंवा धन्यासाठी लढून मेलेल्या माणसाचे ते स्मारक होय. घरात मेलेला मनुष्य त्या घराचा पूर्वज होतो. लढून मेलेला मनुष्य साऱ्या गावाचा पूर्वज होतो, असे मानणाऱ्यांनी तो दगड देवाच्या दारात आणून बसविला. शस्त्राने मेलेल्यांसाठी भाद्रपद वद्य चतुर्दशी ही श्राद्धाची वेगळी तिथी ठेवली तीही याच भावनेने. देवळाचे बांधकाम करताना असे दगड पायात घातले जातात, पायरीला लावले जातात किंवा तेलरंगाने बुजविले जातात, असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. तसे होऊ न देणे हा जीर्णोद्धाराचाच एक भाग समजावा.

ज्या घरांतून कोणी पूर्वज लढाईवर गेला असेल त्यांनी त्याचा शोध घ्यावा. हे काम वाटते तितके अवघड नाही. पेटीत जुने पदक असेल तर त्याची कड नीट पाहावी. बहुधा तेथे सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. जुने पेन्शनचे कागद, नोकरीचे पुस्तक, फोटोच्या मागील मजकूर हे सर्व जपून ठेवावे. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ठेवलेली आहे आणि ती आता संगणकावर कोणालाही पाहता येते. शोधताना जिल्हा कुलाबा धरावा आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोनतीन प्रकारे लिहून पाहावे, कारण त्या काळच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते. मराठा पलटणीच्या जवानांसाठी बेळगावचे केंद्र आणि आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय येथेही चौकशी करता येते. एक क्रमांक सापडला म्हणजे त्याच्या आधाराने पलटण, तारीख आणि स्मारकाचे ठिकाण यांचा शोध पुढे नेता येतो. मग ज्या पूर्वजाचे श्राद्ध आजवर सर्वपित्रीला होत आले, त्याची खरी तिथी घराला कळते.

या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापलेली आहेत, आणि ती छापणे योग्यच आहे. ज्यांनी रुपये दिले त्यांच्या शेजारी, ज्यांनी प्राण दिले त्यांचीही नावे गावाच्या दप्तरी लागावीत. देवळाच्या सभामंडपात एक साधी पाटी पुरेशी आहे. तिच्यावर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढे असावे. दर वर्षी १० जुलै रोजी, लावणीच्या गडबडीतही, त्या पाटीपुढे एक समई लागली तर नाईक यशवंत घाडगे आणि त्यांच्यासारखे सर्व वीर आपल्या घरी परत आले असे होईल.

ग्रामदैवताच्या चरणी हीच प्रार्थना.